पाटीवर नाव नसल्याचे दुःख आणि निष्काम कर्म

विहीरकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. माझा प्रश्न गीतेतील कर्मयोगाविषयीचा आहे. परंतु तो मला पोथी वाचताना पडला नाही, एका पाटीसमोर उभा असताना पडला. म्हणून आधी ती हकिकत सांगणे भाग आहे.

निवृत्तीनंतर सलग तीन उन्हाळे आम्ही गावकऱ्यांनी गावाच्या वरच्या अंगाचा नाला खोल करण्याचे आणि त्यावर दगडी बांध घालण्याचे काम केले. वर्गणी गोळा करणे, पोकलेनच्या डिझेलचा हिशेब ठेवणे, ज्यांच्या शेताच्या कडेला धक्का लागणार होता त्यांच्या ओसरीवर चार-चार वेळा जाऊन बसणे, ही कामे माझ्याकडे होती. गावच्या जुन्या विहिरीचे पाणीही मी दर अमावास्येला मोजत असे. सुती दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या आणि टोकाला दगड बांधलेला. दगड तळाला टेकला की दोरी हातात ढिली पडते. मग ती वर ओढून ओल्या झालेल्या गाठी मोजायच्या. पहिल्या वर्षी चैत्री अमावास्येला पाच गाठी ओल्या निघाल्या होत्या, तिसऱ्या वर्षी त्याच तिथीला अकरा. त्या दिवशी मी विहिरीच्या कठड्यावर बसून एकटाच हसलो, हे कबूल करतो.

यंदा बांधाजवळ रंगवलेली पाटी लागली. तीवर पाहुण्यांची नावे आहेत, पदाधिकाऱ्यांची आहेत, मोठ्या देणगीदारांची आहेत, माझे नाही. ते मुद्दाम वगळले असेल असे मला वाटत नाही, पण तीन दिवस मला अन्न गोड लागले नाही. चौथ्या दिवशी सौभाग्यवतींनी विचारले, "रोज संध्याकाळी दुसरा अध्याय म्हणता, तो नेमका कुणाला ऐकवता?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता प्रश्न. 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' या वचनाप्रमाणे फळावर दृष्टीच ठेवायची नसेल, तर मी विहिरीच्या गाठी कशासाठी मोजत होतो? पाणी वाढावे या इच्छेवाचून नाला खोल करणारा मनुष्य मला कल्पनेतही दिसत नाही. 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते', म्हणजे काही हेतू समोर असल्याशिवाय मंदबुद्धीचा मनुष्यसुद्धा कामाला लागत नाही, असे मीमांसक आचार्य कुमारिल भट्टांनी म्हटले आहे आणि मनुस्मृतीही इच्छेवाचून कोणतीच क्रिया घडत नाही असे सांगते. मग निष्काम कर्म ही अशक्य गोष्टच आपण शेकडो वर्षे एकमेकांना सांगत आलो आहोत काय? आणि दुसरे असे, की नाव नसल्याचे दुःख झाले, यावरून माझी ती तीन वर्षे सकाम ठरली काय?

---

जोगाईचे अंगण

गुरुजी, नमस्कार. मी अंबाजोगाईची, महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवून आता घरी असते. आमच्या गावच्या दासोपंतांचा गीतेवरचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जातो. तो मी पुरा वाचलेला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या उत्तराकडून फाजील अपेक्षा राहणार नाही.

तुम्ही उद्धृत केलेल्या श्लोकाचे चार चरण आहेत आणि आपण सगळे बहुधा दोनच म्हणतो. तिसरा चरण 'मा कर्मफलहेतुर्भूः' असा आहे आणि चौथा 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि' असा. पहिल्या दोन चरणांत अधिकाराची गोष्ट आहे. काम करणे तुझ्या हाती आहे, फळ सर्वस्वी तुझ्या हाती नाही, ही वस्तुस्थितीच तेथे सांगितली आहे. अठराव्या अध्यायात तर कर्म तडीस जाण्याची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. करणारा या पाचांपैकी एक. तुमच्या नाल्याला पाणी आले त्यात पाऊस होता, जमिनीचा पोत होता, पोकलेन होते, वर्गणी होती आणि तुम्हीही होता. 'हे मी केले' असे ज्याला वाटते त्याची समज गीतेने याच ठिकाणी अपुरी ठरवली आहे. चौथा चरण मात्र फार महत्त्वाचा आहे, कारण फळ माझे नाही म्हटल्यावर हात जोडून बसून राहण्याची जी पळवाट निघते, ती तेथे बंद केली आहे.

गाठी मोजण्याबद्दल तुम्ही उगीच अपराधी वाटून घेत आहात. अठराव्या अध्यायातला पंचविसावा श्लोक पाहा. पुढे काय घडेल, किती खर्ची पडेल, कुणाला इजा होईल आणि आपली ताकद किती, याचा विचार न करता मोहाने जे आरंभले जाते ते कर्म तामस, असे तेथे स्पष्ट आहे. म्हणजे परिणामाचा विचार न करणे ही निष्कामता नव्हेच. गीतेच्या प्रतवारीत ती सर्वांत खालची पायरी आहे. विहिरीचे पाणी न मोजता तीन वर्षे नाला खोदणारा मनुष्य योगी ठरला नसता, निष्काळजी ठरला असता.

कुमारिलांचे वचन खरेच आहे आणि गीतेला ते मान्य आहे, असे माझे मत आहे. तिसऱ्या अध्यायातला पंचविसावा श्लोक जरा हळू वाचावा. अज्ञानी लोक आसक्त होऊन जसे काम करतात, तसेच ज्ञानी माणसाने अनासक्त राहून करावे, 'चिकीर्षुर्लोकसंग्रहम्'. 'चिकीर्षु' हे रूप इच्छार्थक आहे: करू इच्छिणारा. ज्ञानी माणसालाही लोकसंग्रहाची, म्हणजे लोकांची घडी नीट राहावी याची, इच्छा असतेच आणि ती इच्छा दाखवणारा शब्द गीतेने टाळलेला नाही. प्रयोजन राहिले, गेली ती एवढीच गोष्ट, की प्रयोजन सिद्ध झाल्यावर त्यातला वाटा आपल्या घरी यावा ही मागणी. विहिरीला पाणी यावे हे प्रयोजन होते. पाटीवर नाव यावे हा वाटा होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इतके सरळ देता येत नाही. सात्त्विक कर्त्याची लक्षणे सांगताना गीता 'मुक्तसङ्गोऽनहंवादी धृत्युत्साहसमन्वितः' म्हणते आणि पुढे 'सिद्ध्यसिद्ध्योर्निर्विकारः' असे जोडते. यांतला धीर आणि उत्साह तुमच्यापाशी भरपूर होता. काम साधले काय, फसले काय, विकार नाही, ही अवस्था मात्र तीन दिवस उपाशी राहणाऱ्याची म्हणता येणार नाही. पण म्हणून तीन वर्षांचे काम मागाहून सकाम होत नाही. काम करताना जी वृत्ती होती ती होती. पाटी पाहिल्यावर जी आली ती नंतर आली.

ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी एवढेच नोंदवते, की या वचनाच्या अर्थावरून आपल्याकडे फार मोठा वाद झालेला आहे. शंकराचार्यांच्या मते कर्मयोग चित्त शुद्ध करण्यापुरता. चित्त शुद्ध झाले, ज्ञान झाले, की कर्माचा संन्यास. 'तुझा अधिकार कर्मातच आहे' याचा अर्थ ते 'तुझा ज्ञाननिष्ठेत अद्याप अधिकार नाही' असा लावतात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त याच्या उलट बाजू मांडली: ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचे नाही, उलट लोकसंग्रहासाठी ते खरे तेव्हाच नीट करता येते. मी स्वतः टिळकांच्या बाजूची आहे. मात्र पाचव्या अध्यायात योगी 'आत्मशुद्धये' कर्म करतात असे वचन आहे, तेथे आचार्यांचा मुद्दा वजनदार वाटतो, हेही मान्य करते.

---

चाडं-मूठ

गुरुजींना आणि बाईंना रामराम. मी गंगाखेडकडचा शेतकरी आहे. शिक्षण बेताचे आहे, वाचन मात्र बरे आहे.

बाईंनी प्रयोजन आणि वाटा असा जो भेद केला तो मला पटला, कारण तो पेरणीत रोज दिसायचा. माझ्या लहानपणी घरी तिफणीने पेरा होई आणि आई चाड्यावर, म्हणजे नळ्यांत बी सोडण्याच्या तिफणीवरच्या वाडग्यावर, मूठ धरत असे. मुठीतले बी बोटांच्या फटीतून तिन्ही नळ्यांत सारखे सुटले पाहिजे, यावर तिचे सगळे ध्यान. बैल थांबले तर मूठ थांबायची, बैल चालले की चालू. तेवढ्या वेळात कुणी कापसाच्या भावाची गोष्ट काढली, तर ती बोलत नसे. भावाची तिला फिकीर नव्हती असे कोण म्हणेल? वर्षाची मीठ-मिरची त्यावर होती. पण मन तिकडे गेले की मूठ एक तर आवळते नाही तर सैल सुटते. आठ-दहा दिवसांनी बी उगवून वर आले की कुठे दाट, कुठे विरळ, ती चूक सगळ्या शिवाराला दिसते. 'योगः कर्मसु कौशलम्' हे वचन मी पुढे वाचले तेव्हा मला आईची मूठच आठवली. फळाचा विचार त्या घडीपुरता बाजूला ठेवल्यामुळे काम चांगले होते, एवढे तरी मी पाहिलेले आहे. आता ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला ही अडचण नाही, ते भावाचा विचार करीत नाही.

परंतु माझी एक मोठी शंका आहे आणि ती मी राखून ठेवणार नाही. फळाची आशा धरू नका, हे वाक्य आमच्या भागात बहुतेक वेळा वरचा माणूस खालच्याला ऐकवतो. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेतात, दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एकच हिशेब, धरला जातो आणि सहा महिने पाचटात राहून परत आल्यावर हिशेबात त्यांच्याकडेच बाकी निघते. अशा लोकांसमोर एका सप्ताहात प्रवचनकाराने अर्धा तास निष्काम कर्म सांगितलेले मी ऐकले आहे. पुढच्या रांगेत ज्यांनी मजुरी ठरवायची ती मंडळी बसली होती आणि माना डोलावत होती. आमच्या गंगाखेडच्या जनाबाई. दळताना, कांडताना, झाडताना देवाचे नाव. देव येऊन केर भरतो. अभंग ऐकून डोळे भरतात. पण ती दासी होती आणि तिच्या दळणाची मजुरी किती हे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. निष्काम कर्म ही शिकवण राबणाऱ्याला गप्प बसवण्याच्या उपयोगी पडत असेल, तर तिच्यात काही दोष आहे, की सांगणाऱ्यात?

---

जमाखर्च

मी कोषागारात आयुष्य काढलेला माणूस. पैठणला राहतो. वरच्या शंकेचे उत्तर बाई देतीलच, माझा तो अधिकार नाही. गुरुजींच्या प्रश्नाला मात्र आमच्या गावचे एक उत्तर आहे, ते सांगतो.

नाथमहाराज लहानपणी देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे राहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. जनार्दनस्वामी दत्तभक्त खरे, पण किल्लेदार होते. किल्ल्याचा कारभार, शिबंदी, हिशेब हे सगळे त्यांच्याकडे होते. परमार्थासाठी त्यांनी किल्ल्याच्या किल्ल्या कुणाच्या हाती देऊन डोंगर गाठला नाही. कर्मयोगाची चर्चा करताना लोक जनक राजाचे नाव घेतात, गीतेनेही घेतले आहे. आपल्या मराठवाड्यात त्यासाठी मिथिलेपर्यंत जाण्याचे कारण नाही, असे मला आपले वाटते.

तर चरित्रकारांनी सांगितलेली कथा अशी, की एकनाथांकडे हिशेबाचे काम होते आणि एका दिवशी एका पैची चूक लागेना. सगळे झोपले. ते दिवा लावून वह्या उलगडून बसले आणि रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली. आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, कारण कळल्यावर म्हणाले, की एका पैच्या शोधात एवढा आनंद, तर हेच चित्त भगवंताकडे लागले तर काय होईल! कीर्तनात कथा येथे संपते आणि एकाग्रतेचा उपदेश सुरू होतो.

मी ही कथा चाळीस वर्षे वेगळ्या कारणासाठी जवळ ठेवली आहे. ती पै नाथांची नव्हती. ती सापडली म्हणून त्यांना काही मिळणार नव्हते आणि न सापडती तर एका पैसाठी किल्लेदार शिष्याला हाकलणार नव्हते. तरीही ते रात्रभर बसले, कारण ताळा जमला पाहिजे होता. ज्याने रोजकीर्दीतला न जमणारा ताळा संध्याकाळी साडेसात वाजता पुन्हा पहिल्या पानापासून तपासला आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही. आमच्या कार्यालयात एकदा आकड्यांची अदलाबदल झाली होती, ६३ च्या जागी ३६. फरक २७ निघाला. फरकाला नवाने भाग गेला की बहुधा आकडे उलटे पडले असतात, हे आम्हाला वडीलधाऱ्या कारकुनाने शिकवले होते. ती नोंद सापडली तेव्हा आम्ही तिघांनी चहा मागवला. कुणाला बढती मिळाली नाही.

आणि दुसरे म्हणजे नाथांनी टाळी वाजवली. काम साधल्याचा आनंद झाला, तो त्यांनी दाबला नाही आणि स्वामींनीही त्याबद्दल रागे भरले नाही. गुरुजी कठड्यावर बसून हसले, ती टाळीच होती. त्यात मला काही चुकीचे दिसत नाही. टाळी वाजवल्यावर नाथांनी बाहेर येऊन कुणी ऐकली का हे पाहिले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

---

जोगाईचे अंगण

जमाखर्च, तुमची टाळी मी आता सर्वांना सांगणार.

चाडं-मूठ दादा, तुमची शंका गंभीर आहे आणि ती नवीन नाही. जे वाक्य स्वतःला सांगण्यासाठी आहे ते दुसऱ्याला सांगितले, की त्याचा उपदेश राहत नाही, वचक होतो, हे मला पूर्ण मान्य आहे. गीतेत हे वाक्य कुणाला सांगितले आहे हेही विसरू नये: राज्याचा वाटा मागायला रणात उभ्या राहिलेल्या क्षत्रियाला. श्रीकृष्णाने त्याला 'राज्याचा हक्क सोड' असे कुठेही म्हटलेले नाही.

मजुरीचा प्रश्न गीतेच्याच भाषेत मांडायचा तर तो यज्ञाच्या प्रकरणात मांडावा लागेल. तिसऱ्या अध्यायात कर्मयोगाचे सगळे विवेचन यज्ञाच्या चौकटीत आहे: परस्परांना देत-घेत जगावे आणि देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो तो 'स्तेन एव सः', चोरच होय. शब्द सौम्य नाही. पुढच्याच श्लोकात, जे स्वतःपुरतेच अन्न शिजवतात ते पाप खातात, असे आहे. सतराव्या अध्यायात तामस यज्ञाची लक्षणे सांगितली आहेत, त्यांत 'असृष्टान्नम्' म्हणजे ज्यात अन्न वाटले गेले नाही आणि 'अदक्षिणम्' म्हणजे ज्यात दक्षिणा दिली नाही, ही दोन ठळकपणे आहेत. ऋत्विजांचे, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांचे, काम करून घेऊन त्यांची दक्षिणा बुडवणारा यजमान 'फळाची आशा धरू नका' असे ऋत्विजांना ऐकवू लागला, तर गीतेच्या मते त्याचा यज्ञ तामस. पुढच्या रांगेत बसून माना डोलावणाऱ्यांना हा श्लोक कुणी ऐकवला नाही, याचे मला वाईट वाटते.

तेव्हा कर्मफलाचा त्याग म्हणजे घामाच्या दामाचा त्याग असा अर्थ करण्याला ग्रंथात आधार नाही. जनाबाईंच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला उत्तर देत नाही. दळणाऱ्या हाताला देव दिसला ही तिची थोरवी आणि ते दळण तिच्यावर आले ही त्या काळाची रीत. पहिलीने दुसरीवर पांघरूण घालू नये, एवढेच म्हणते.

ज्ञानेश्वरीत अठराव्या अध्यायात एक ओवी आहे: 'तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥' आपले काम हेच फूल. आपेगावच्या कुळात जन्मलेल्या या तरुणाने नेवाशाला इसवी सन १२९० च्या सुमारास हे सांगितले. फूल वाहणाऱ्याने ते ताजे आहे ना, किडके नाही ना, हे बघून वाहायचे असते. एकदा वाहिले की ते परत मागायचे नसते. वाहणाऱ्याने उपाशी राहावे असे ओवी म्हणत नाही.

---

श्वासोच्छ्वास

मी छत्रपती संभाजीनगरला योगाचे वर्ग घेतो. चर्चा गीतेभोवती चालली आहे, त्यात योगसूत्रांची बाजू थोडक्यात मांडतो, कारण तेथे एक अडचणीचा मुद्दा आहे.

पतंजलींनी तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान यांना क्रियायोग म्हटले आहे. त्यांतल्या ईश्वरप्रणिधानाचा अर्थ व्यासभाष्यात 'सर्व क्रिया परमगुरूला अर्पण करणे किंवा त्यांच्या फळाचा संन्यास' असा दिला आहे. येथपर्यंत गीता आणि योगसूत्रे हातात हात घालून जातात. परंतु चौथ्या पादातील सातव्या सूत्रात योग्याचे कर्म 'अशुक्ल-अकृष्ण', म्हणजे पांढरेही नाही आणि काळेही नाही, असे म्हटले असून इतरांचे तीन प्रकारचे सांगितले आहे. त्यावर भाष्यकार म्हणतात, की बाहेरच्या साधनांनी होणारे काम नेहमी पांढरे-काळे मिश्र असते, कारण त्यात कुणावर उपकार आणि कुणाला पीडा ही दोन्ही घडतातच. निव्वळ पांढरे काम तप, स्वाध्याय आणि ध्यान करणाऱ्यांचे, कारण ते केवळ मनाच्या आधाराने होते.

म्हणून गुरुजींना एक प्रश्न विचारावासा वाटतो, राग मानू नये. नाल्याचे पाणी तुम्ही वर अडवले. खाली कुणाची विहीर आहे काय? आपल्याकडे नाले प्रमाणाबाहेर खोल केल्याने खालच्या अंगाला पाणी कमी पोहोचते, अशी तक्रार अनेक ठिकाणी झालेली आहे. पाटीवरच्या नावाचा हिशेब आपण सगळे करीत आहोत. या हिशेबाचे काय?

---

चाडं-मूठ

बाई, 'अदक्षिणम्' लिहून ठेवले. पुढच्या सप्ताहात विचारणार आहे.

श्वासोच्छ्वास सरांचा प्रश्न बरोबर आहे, पण मग काही करूच नये काय? घरात बसून ध्यान करणाऱ्याच्या ताटातली भाकरसुद्धा कुणीतरी जमीन उकरूनच आणलेली असते.

---

श्वासोच्छ्वास

करू नये असे मी म्हणणार नाही. सदोष असले तरी सहज प्राप्त झालेले कर्म टाकू नये, अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक आरंभाबरोबर दोष असतोच, असे गीताही अठराव्या अध्यायात म्हणते. मी विचारतो ते एवढेच, की धूर कुणाच्या डोळ्यांत जातो आहे हे पाहिले काय.

---

विहीरकाठ

सर्वांचे आभार मानतो. उत्तराला आठ दिवस लावले, कारण शेवटचा प्रश्न माझ्या वर्मी लागला.

खालच्या वस्तीवर एका शेतकऱ्याची विहीर आहे. दुसऱ्या वर्षी ते माझ्याकडे आले होते आणि आपले पाणी उतरले असे म्हणाले होते. मी त्यांना, यंदा पाऊसच कमी आहे, असे सांगून चहा पाजून परत पाठवले. पाऊस कमी होता हे खरे होते. पण त्यांची विहीर मी मोजली नव्हती. आमच्या विहिरीच्या ओल्या गाठी वाढत होत्या आणि मला तेवढ्याच पाहायच्या होत्या, हे आता कळते. बाईंनी सांगितलेल्या त्या पंचविसाव्या श्लोकातली 'कुणाला इजा होईल' ही अट मी पूर्ण केली नव्हती. माझी निष्कामता पाटीपाशी ढळली असे मी समजत होतो. ती त्याआधी, चहाच्या त्या कपापाशीच ढळली होती.

पाटीचेही सांगून टाकतो. सरपंच परवा घरी आले. पाटी अपुरी झाली, असे त्यांनाच कुणीतरी म्हटले होते आणि नवी रंगवण्यासाठी त्यांनी माझ्याकडे काम केलेल्यांची यादी मागितली. माझ्या वहीत सगळे आहे: अंगमेहनत करणारे, पोकलेनचा चालक, दुपारची भाकरी पुरवणाऱ्या बायका, ५० रुपये देणारी म्हातारी. यादी केली आणि माझे नाव वगळले. वगळताना बरे वाटले, म्हणून संशय आला. आपल्याला काय वाटते?

---

जमाखर्च

नाव घाला. काम केलेल्यांची यादी म्हणून जो कागद देता, त्यातून एक नोंद मुद्दाम गाळली तर तो कागद खोटा झाला. नोंद कुणाची आहे याने फरक पडत नाही.

---

जोगाईचे अंगण

मीही हेच म्हणते. 'अनहंवादी' म्हणजे 'मी, मी' न म्हणणारा. आपले नाव असे वगळायचे, की वाचणाऱ्याने 'अहो, गुरुजींचे नाव राहिले' असे म्हणावे, हेही 'मी' म्हणणेच आहे, फक्त दुसऱ्याच्या तोंडून.

---

विहीरकाठ

यादी अकारविल्हे केली आणि नाव घातले. एकूण ४१ नावे आहेत. माझे सव्विसावे येते, भाकरी करणाऱ्या दोन भगिनींच्या मध्ये. सौभाग्यवतींनी ती वाचली आणि एका बाईंचे आडनाव चुकले होते ते दुरुस्त केले.

खालच्या वस्तीवर निरोप धाडला आहे. येत्या अमावास्येला आधी त्यांच्या विहिरीवर जायचे ठरले आहे. त्यांची विहीर आमच्याहून खोल आहे, म्हणून दोरीला दहा हातांचा आणखी एक तुकडा जोडला आणि आज दुपारी ओसरीवर बसून त्याला गाठी मारल्या.